रंग नको, मान बघ

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका बुजुर्ग कारागिराला मी दुरुस्तीची सतार तपासताना पाहिलंय. नक्षीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. दांडीचं टोक डोळ्याशी नेलं, एक डोळा मिटला आणि नेम धरावा तशी लांबवर नजर टाकली. भोपळा, तबली, जवारी हे सगळं त्यानंतर.

पंधरवड्यापूर्वी सांगलीहून भाचा आला. "मामा, अदलाबदल करतोय. माझा ॲम्प आणि वर थोडे पैसे द्यायचे, त्याची गिटार घ्यायची. दिसायला एकदम पन्नासच्या दशकातली!" मोबाईलवर फोटो होता. टेलिकॅस्टर घाटणीची गिटार, रंग तुपासारखा पिवळट, कोपर टेकतो तिथं लाकूड उघडं पडलेलं. लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून हा घाट 1950 मध्ये बाहेर पडला आणि 1951 पासून टेलिकॅस्टर या नावाने ओळखला गेला. सपाट लाकडी फळी आणि चार स्क्रूंनी जोडलेली मान, म्हणजे सतारीच्या दांडीसारखा भाग, इतका तो साधा. त्यामुळे नकला करणंही सोपं.

त्या काळातल्या बऱ्याच गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लाखेचा पातळ थर असायचा. उन्हाने तो पिवळा पडतो, थंडी-उष्णतेच्या झटक्यांनी त्याला बारीक तडे जातात. आता हेच म्हातारपण कारखान्यात दिलं जातं. ओळखायचं कसं? तारांखालची प्लास्टिकची पट्टी काढून पाहावी. ऊन खाल्लेल्या गिटारीचा रंग तिच्याखाली सहसा कमी पिवळा असतो, कारण तिथं ऊन पोचलेलंच नसतं. रंगातच पिवळेपणा मिसळला असेल तर वर-खाली सारखाच दिसतो. पण वाजवायच्या गिटारीत या शोधाला मी फार किंमत देत नाही.

खरी परीक्षा मानेची. सहा तारा मिळून साधारण 45 किलोंचा ताण देतात, म्हणजे सिमेंटच्या पोत्याहून थोडा कमी. हा ताण दिवसरात्र एका लाकडी पट्टीवर असतो. त्याला तोंड द्यायला मानेच्या पोटात लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. टोकाचा नट आवळला की सळई मानेला उलट बाजूला खेचते. तपासायला वेगळं अवजार लागत नाही, कारण ताणलेली तार हीच सरळ पट्टी. जाड तार पहिल्या पडद्यावर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीवर, आणि जिथं मान अंगाला मिळते त्या पडद्यावर एकाच वेळी दाबायची आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी तारेखालची फट बघायची. पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पातळ व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी असली की झालं. फट अजिबातच नसेल तर झणझणाट होतो, कारण कंप पावणाऱ्या तारेला हेलकावायला जागा उरत नाही. फट फार असेल तर मान वाकलेली.

पुढचा प्रश्न सुराचा. मानेच्या वरच्या टोकाला तारा जिथं टेकतात तिथपासून अंगावरच्या ब्रिजपर्यंतचं अंतर इथं 648 मिलिमीटर असतं. एका पडद्यावरून पुढच्यावर गेलं की तारेची लांबी 1.0595 ने भागली जाते. असं बारा वेळा झालं की ती निम्मी, म्हणजे 324 मिलिमीटर, आणि सूर वरच्या सप्तकात. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता बोटाचा स्पर्श करून येणारा सूर आणि तार दाबून येणारा सूर मोबाईलच्या ट्यूनरवर जुळवून बघायचे. दाबल्यामुळे तार किंचित जास्त ताणली जाते, म्हणून ब्रिजवरची घोडी, म्हणजे तारेखालचा छोटा टेकू, थोडी मागे सरकवून हिशेब पुरा करतात. सतारीचे पडदे तरी सरकवता येतात, गिटारीचे लाकडात ठोकलेले. पण जुन्या धर्तीच्या टेलिकॅस्टरला सहा तारांत मिळून तीनच घोड्या असतात. एका घोडीवर दोन तारा, म्हणजे दोघींचं एकदम समाधान होत नाही. तिथं चार-पाच सेंटचा फरक दिसला तर तो दोष मानू नये. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग.

आता पिकअप, म्हणजे तारेच्या कंपनाची वीज करणारा तारांखालचा भाग. फॅरडे यांनी 1831 मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन इथं कामाला येतं. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र डुलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. तंबोऱ्याची पितळी खर्जाची तार या पिकअपवर जवळपास मुकी राहील. सतारीत भोपळा आणि तबली आवाज फुलवतात, इथं ते काम वीज करते. म्हणून लाकडाच्या जातीचं कौतुक मी बेताने ऐकतो. तपासायला मल्टिमीटर पुरतो. केबल लावून व्हॉल्यूम पूर्ण वाढवला की एका गुंडाळीच्या पिकअपला साधारण 6 ते 7 किलोओहम दिसावेत. काहीच आकडा आला नाही तर कुठंतरी तार तुटली आहे. ॲम्पमध्ये घरच्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण येते, ती मात्र एका गुंडाळीचा स्वभावच. खोलीत गिटार घेऊन वळलात तर ती कमी-जास्त होते. बटण फिरवताना खरखर झाली तर बहुधा धूळ. तेवढ्यावरून सौदा मोडू नये.

रविवारी आम्ही दोघं गेलो. पिकअप 6.2 किलोओहम, सूर ठीक, पडद्यांची झीज बेताची. जाड तारेखालची फट मात्र जवळजवळ एक मिलिमीटर. जुन्या धर्तीच्या या मानेत ट्रस रॉडचा नट अंगाकडच्या टोकाला लपलेला असतो. मालकाला विचारून चारही स्क्रू काढले. नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला होता, पाव फेराही पुढं जाईना.

"पाऊस संपला की सरळ होईल," मालक म्हणाला.

भाच्याने मान परत बसवून दिली, स्क्रू घट्ट केले आणि आपला ॲम्प उचलून स्कूटरच्या पायापाशी ठेवला. मिरजेला परत येताना गिटारच्या रंगाबद्दल मात्र तो अजून बोलतच होता.