खिडकीतलं ऊन पाळीव सरड्याला पुरत नाही

"टाकी खिडकीपाशी ठेवा, ऊन मिळतंच, वेगळा दिवा कशाला?" हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्यापायी कितीतरी सरडे अधू झालेत. काचेतून उजेड येतो, ऊबही येते. पण अतिनील किरणांतला यूव्हीबी हा भाग काच जवळपास पूर्ण अडवते. नेमका त्याच्याच जोरावर बिअर्डेड ड्रॅगनसारखा दिवसा वावरणारा सरडा कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार करतो. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर ते हाडांतून ओढून घेतं. जबडा रबरासारखा मऊ लागतो, बोटं थरथरतात, पाय वाकतात. वाकलेलं हाड सहसा पुन्हा सरळ होत नाही, म्हणून हे आधीच कळायला हवं.

शिवाय उन्हातली काचेची टाकी भट्टीसारखी तापते, ते वेगळंच.

तेव्हा यूव्हीबीची नळी लावाच, दिवसाला १० ते १२ तास; मध्ये काच किंवा प्लास्टिक नको. जुनी नळी उजेड देत राहते, पण तिच्यातलं यूव्हीबी केव्हाच घटलेलं असतं. ६ ते १२ महिन्यांत ती बदला. रातकिड्यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, म्हणून भरवण्याआधी ते कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून घ्या.