चाव्याचे बल (पाली व सरडे)

पाल, सरडा, सापसुरळी, घोरपड हे प्राणी जबडा मिटताना भक्ष्यावर जो दाब टाकतात, त्यास चाव्याचे बल म्हणतात. ते न्यूटनमध्ये मोजतात. त्यासाठी प्राण्याला बलमापकाला जोडलेल्या दोन धातूच्या पट्ट्या चावू देतात.

जबडा ही एक तरफ आहे. तिचा टेकू कानाजवळच्या सांध्यात असतो, स्नायूंची ओढ सांध्याच्या थोडी पुढे लागते आणि दात त्याहून पुढे असतात. अडकित्त्यात सुपारी खिळीजवळ सरकवली की लवकर फुटते, तसाच टणक भुंगेरा मागच्या दातांखाली आला की चिरडतो. स्नायूचा जोर त्याच्या जाडीवर ठरतो, म्हणून रुंद व उंच डोक्याचा प्राणी जबर चावतो. येऊरच्या जंगलात विणीच्या हंगामात दिसणारा बागेतल्या सरड्याचा नर पाहावा: गळा लालभडक आणि गाल चांगलेच फुगलेले. नरांच्या झटापटीत चावणे हे मोठे हत्यार असते.

नुसत्या स्नायूंवरून मात्र बल सांगता येत नाही. कवटी किती हलते हेही पाहावे लागते. सरड्यांच्या कवटीत गालाची खालची हाडकमान नसते. त्यामुळे खालचा जबडा ज्यावर टेकतो ते क्वाड्रेट हाड मागेपुढे झुलू शकते. पालींत वरची कमान व डोळ्यामागची हाडाची पट्टीही नाहीशी झाली आहे, आणि डोळ्यांच्या मागे कवटीच्या छतात बिजागरीसारखा सांधा असतो. तोंड उघडताना मुस्कट वर उचलले जाते, मिटताना खाली येते. हाडांची ही साखळी संशोधक फ्रेझेटा यांनी 1962 मध्ये चार दांड्यांच्या जोडणीच्या रूपात मांडली. तिचा लाभ वेगाचा: दोन्ही जबडे एकमेकांकडे येतात, म्हणून तोंड झटकन मिटते. त्याची किंमत बलात मोजावी लागते. भक्ष्याचा उलटा दाब सैल मुस्कटाला वर ढकलतो आणि ते जागी धरून ठेवावे लागते, त्यामुळे मिटणाऱ्या स्नायूंचा पूर्ण जोर वापरता येत नाही.

ठाणे, वाशी, नेरूळच्या सोसायट्यांत जिन्यातल्या ट्यूबलाइटपाशी पंख फुटलेली वाळवी टिपणाऱ्या पालीला हा सौदा परवडतो. तिथे चपळाई महत्त्वाची. ही पाल विषारी नसते आणि तिच्या चाव्याने माणसाला सहसा इजा होत नाही, तरी लोक तिला भीतीपोटी मारतात, हे खरोखर वाईट आहे. बागेतल्या सरड्याच्या कवटीत वरची कमान शाबूत असते व छताच्या सांध्यात हालचाल जवळपास नसते. त्याचे बहुतेक दात जबड्याच्या कडेलाच सांधलेले असतात, आणि दाब थेट त्यांवर उतरतो.

घोरपडीचे मुस्कट लांब असते. टोकाशी वेग भरपूर, बल कमी. ती भक्ष्य पकडून मानेच्या हिसक्यांनी त्याला हाताळते.