उगवतीचा चंद्र आणि मृगजळ: भ्रम दोन, कारणे वेगळी

बालाघाटाच्या रांगेआडून उगवणारा पौर्णिमेचा चंद्र हवेच्या भिंगामुळे मोठा दिसतो, ही समजूत जुनी असून उन्हाळ्यात बीड-लातूरच्या डांबरी रस्त्यांवर दिसणारे मृगजळही अनेकदा त्याच खाती मांडले जाते. मृगजळात तापलेल्या रस्त्यालगतच्या विरळ हवेमुळे आकाशाचा प्रकाश खरोखर वाकतो, म्हणून ते छायाचित्रातही उमटते. चंद्र मात्र क्षितिजावर आणि माथ्यावर सुमारे अर्ध्या अंशाचाच भरतो (हात लांब करून करंगळीच्या नखाने दोन्ही वेळी झाकून पाहावा). उलट वातावरण त्याला क्षितिजाजवळ किंचित चपटे करते. चंद्र मोठा दिसण्याचे नाते बहुधा पाँझोच्या भ्रमाशी आहे, ज्यात दूरवर जवळ येणाऱ्या रुळांवरील दोन समान आडव्या रेघांपैकी वरची रेघ मेंदू दूरची समजतो आणि म्हणून मोठी मानतो; तसाच क्षितिजावरचा चंद्रही दूरचा वाटून मोठा भासतो. या स्पष्टीकरणावर शास्त्रज्ञांचे अद्याप पूर्ण एकमत नाही.