नाकावर पंखा लावलेली मोटार: लेयाची ‘एलिका’

पुढे विमानाचा लाकडी पंखा, त्याच्याभोवती कडं, मागे माशासारखी निमुळती होत गेलेली प्लायवूडची बॉडी आणि आत एकामागे एक अशा दोन जागा. फ्रान्सच्या मार्सेल लेया या विमान-अभियंत्याने 1919 ते 1925 या काळात अशा सुमारे 30 गाड्या बांधल्या. नाव ‘एलिका’. त्यांतली एक पॅरिसच्या आर ए मेतिए संग्रहालयात आजही बघता येते.

या गाडीकडे विचित्र खेळणं म्हणून बघितलं जातं, आणि ते लेयावर अन्यायाचं आहे. त्याचा हिशेब सरळ होता. पंखा थेट इंजिनाला जोडला की क्लच नको, गिअरबॉक्स नको, डिफरन्शियल (वळताना दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोडणी) नको. चाकांना फक्त फिरायचंय, जोर लावायचा नाही. एवढं सामान गेल्यावर गाडीचं वजन जेमतेम 250-300 किलोवर आलं. 1.2 लिटरचं, आडव्या दोन सिलिंडरचं, सुमारे 18 अश्वशक्तीचं इंजिन तिला पुरत होतं. 1927 साली पॅरिसजवळच्या मोंलेरीच्या शर्यतीच्या ट्रॅकवर एका एलिकाने ताशी 170 किलोमीटरच्या आसपास वेग गाठला.

मग अडलं कुठे? कमी वेगाला आणि चढाला.

चाक जमिनीला रेटतं आणि जमीन हलत नाही, त्यामुळे इंजिनाची जवळजवळ सगळी ताकद गाडीला मिळते. पंखा रेटतो हवेला, आणि हवा मागे पळून जाते. तिला पळवण्यात गेलेली ताकद गाडीच्या कामाची नाही. पंख्याचा व्यास 1.4 मीटर धरून गणित मांडू. गाडी ताशी 30 किलोमीटरने चालली असेल, तर निर्दोष पंख्यालाही इंजिनाच्या ताकदीपैकी 45 टक्केच वापरता येते. ताशी 80 ला हाच आकडा 80 टक्क्यांच्या वर जातो. खरा लाकडी पंखा दोन्हीकडे याहून कमीच देणार. शिवाय एलिकात पंख्याने मागे फेकलेला झोत गाडीच्याच अंगावर आदळतो, म्हणजे कमावलेल्या रेट्यातला थोडा तिथेच परत जातो.

आता उभ्या गाडीचं बघा. 18 अश्वशक्तीवर आदर्श पंख्याचा रेटा निघतो 88 किलो. प्रत्यक्षात 60 मिळाला तरी चांगला म्हणायचा. दोन माणसं धरून गाडी 450 किलोची. चाकांच्या घर्षणात 7 किलो गेले, उरले 53. म्हणजे दर साडेआठ मीटरला एक मीटर चढ असेल, तर गाडी जागची हलायचीच नाही. तेवढंच इंजिन गिअरबॉक्समधून चाकाला जोडलं, तर पहिल्या गिअरमध्ये टायर घसरायला लागेपर्यंतचा, दीडशे किलोच्या घरातला रेटा सहज मिळतो. गिअर म्हणजे वेग देऊन जोर घेण्याची सोय, आणि पंख्याला ती नाही. बर्फावर मात्र गणित उलटतं: तिथे चाकाला पकडच मिळत नाही, म्हणून रशियात पंख्याच्या घसरगाड्या, एरोसानी, खरोखर कामाला आल्या.

क्लच नसल्याचे त्रास वेगळेच. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. रेटा पंख्याच्या फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे पूर्ण फेऱ्यांच्या तीस टक्क्यांवर आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचं संथ चालणं) ठेवलं तर तो नऊ टक्के, म्हणजे पाच-साडेपाच किलो उरतो. चाकांचं घर्षण त्याहून थोडं जास्त, म्हणून सपाटीवर गाडी कशीबशी थांबून राहील. जरा उतार मिळाला की सरकणार, म्हणून ब्रेकवर पाय हवाच. मागे घ्यायची झाली तर पंख्याचा काही उपयोग नाही.

स्टिअरिंग मागच्या चाकांना होतं. रस्त्याच्या उजव्या कडेला उभी गाडी डावीकडे काढायची म्हटलं की शेपटी आधी उजवीकडे जाते आणि फुटपाथला घासते. वेगात हे जास्त नडतं, कारण वळण घेताना गाडीचं शेपूट क्षणभर उलट्या दिशेला ढकललं जातं आणि चालवणाऱ्याचा अंदाज चुकतो.

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती पंख्याची. मिनिटाला 2000 फेरे धरले तर पात्याचं टोक ताशी 500 किलोमीटरहून जास्त वेगाने फिरतं. कड्यामुळे माणूस दूर राहतो, पण खडी आत येऊ शकते, आणि जमिनीलगतचा पंखा ती स्वतःच वर ओढतो. पात्याच्या पुढच्या धारेचा टवका उडाला आणि केंद्रापासून 60 सेंटिमीटरवर 10 ग्रॅम लाकूड कमी झालं, तर त्याच फेऱ्यांना शाफ्टवर जवळजवळ 27 किलोचा ओढा गरगर फिरत राहतो. बेअरिंग खिळखिळी होतात, बोल्ट सैल पडतात.

लाकूड ओलही धरतं. दोन पात्यांचा पंखा उभा ठेवला तर ओल खालच्या पात्यात उतरते आणि तोल बिघडतो. म्हणून गाडी ठेवताना पंखा आडवा करून ठेवायचा. पावसाळा सरला की लाकूड आकसतं आणि मधल्या बोल्टांची पकड ढिली होते. बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळायचे. एकच बोल्ट आधी पूर्ण पिळला तर लाकूड त्या बाजूला दबतं आणि पाती एका रेषेत फिरत नाहीत. आवळून झालं की एका पात्याच्या टोकाशी जमिनीवर खूण करायची आणि पंखा हाताने अर्धा फेरा फिरवून दुसरं टोक त्याच खुणेवर येतं का बघायचं. मात्र त्याआधी इग्निशन बंद आहे याची दोनदा खात्री करून घ्यायची.