मक्यातली चवळी: पार्श्वभूमी

दख्खनच्या जिरायत रानात एकलं पीक तसं कमीच. बाजरीत तूर, हुलगा, मटकी असायचीच. पाभरीमागे, म्हणजे पेरणीच्या अवजारामागे, दोरीने बांधलेलं मोघण (बी सोडायची नळी) ओढत चालायचं, मागची बाई त्यात अंदाजाने दाणे सोडायची आणि ठरावीक ओळींनंतर कडधान्याची ओळ पडायची. डाळ घरात, भुसकट गोठ्यात.

मका इथे उपराच. त्याच्या मूळ मुलखात, मेक्सिकोत, घेवड्याचा वेल मक्याच्याच ताटावर चढवतात. दख्खनात त्याला जोडीदार मिळाली चवळी, तीही मूळची आफ्रिकेची.

ही जोडी चाऱ्यासाठी बागायतात आली ती दुधामुळे. गावठी गाय कडब्यावर भागवायची, संकरित गायीला ते पुरेना. १९७० पासून दूध महापूर योजनेने दूध संकलनाचं जाळं वाढत गेलं, तसा ओलिताचा तुकडा वैरणीला देणं परवडू लागलं. आफ्रिकन टॉल या चाऱ्याच्या मक्याच्या वाणाने वजनाची सोय केली, प्रथिनांची नाही. त्याच्या सुक्या भारात प्रथिने साधारण ८ ते १० टक्के, चवळीत दीडपट ते दुप्पट. म्हणून दोन ओळी मका, एक ओळ चवळी अशी शिफारस आली. श्वेता, ईसी ४२१६ हे चवळीचे वाण त्यातलेच.

चवळी मक्याला नत्र पुरवते, असं सर्रास सांगितलं जातं. मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, हे १८८० च्या दशकात जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ या शास्त्रज्ञांनी उलगडलं, ते खरंच आहे. पण त्याच हंगामात शेजारच्या मक्याला त्यातलं फार थोडं मिळतं. चारा कापून नेला की बरंचसं नत्र गायीच्या पोटातून शेणात जातं. शेणखत त्याच रानात परत पडलं तर हिशेब जुळतो. शिवाय युरियाचा हात सैल सुटला की गाठी फारशा धरत नाहीत, आणि मका असा माजतो की खालची चवळी सावलीत पिवळी पडते.

जोडी मोडली ती मात्र तणनाशकाने आणि मुरघासाने, म्हणजे हवाबंद करून आंबवून साठवलेल्या चाऱ्याने. ॲट्राझीन हे तणनाशक मक्याला काही करत नाही, चवळीला जाळतं. खुरपणीची मजुरी वाढल्यावर फवारा स्वस्त पडला आणि चवळीची ओळ आपोआप गेली. मुरघासाचं दुखणं वेळेचं आहे. हिरवा चारा साठ-पासष्ट दिवसांत, मका फुलोऱ्यात असताना कापला तर दोघांचा मेळ बसतो. मुरघासाला मात्र कणीस चिकात भरून दाणा घट्ट व्हायला लागेपर्यंत थांबावं लागतं. तोवर चवळीची पानं गळून नुसता वेल उरलेला असतो, आणि तो ताटांना गुरफटला की यंत्रवालाही कुरकुर करतो.

दोन-तीन गायींपुरता रोज विळ्याने चारा कापणाऱ्याला ही अडचण येत नाही. त्याच्या पाच-सात गुंठ्यांत चवळीची ओळ अजून दिसते.