एलटीई आणि व्होल्टे: नेट चालतंय म्हणजे फोन लागेलच असं नाही

“व्होल्टे चालू करा, नेट पळायला लागेल.” “व्होल्टे बंद ठेवा, नाहीतर दीड जीबी बोलण्यातच संपेल.” ही दोन्ही वाक्यं मोबाइलच्या दुकानात छातीठोकपणे सांगितली जातात, कधीकधी एकाच दुकानात, आणि दोन्ही चूक आहेत. तिसरं वाक्य मात्र जास्त महागात पडतं: “फोन ४जी आहे ना, मग झालं तर.”

व्होल्टे म्हणजे थोडक्यात एलटीईवरूनच फोनवर बोलण्याची सोय; तिच्याकडे पुढे येतोच. एलटीईवर फार वेळ घालवत नाही, कारण ते तुम्ही रोज वापरता. आपण ज्याला ४जी म्हणतो तेच ते. (सुरुवातीचं एलटीई ४जीच्या मूळ आंतरराष्ट्रीय व्याख्येत बसत नव्हतं, असं काटेकोर मंडळी सांगतील. बरोबर आहे, आणि त्यामुळे तुमचं-माझं काहीही अडत नाही.) भारतात ते २०१२ मध्ये एअरटेलने आधी कोलकात्यात आणलं, मग त्याच वर्षी बंगळुरू आणि पुण्यात. तेव्हा ४जी म्हणजे मुख्यतः लॅपटॉपला लावायचं डोंगल नाहीतर घरातलं राउटर. त्यावरून कुणी फोनवर बोलत नव्हतं, आणि त्यात कुणाला काही खटकलंही नाही. गोम तिथेच आहे.

२जी-३जीच्या जाळ्यात दोन वेगळ्या वाटा होत्या. एक बोलण्यासाठी: कॉल जोडला की दोघांमध्ये एक सलग वाट तो संपेपर्यंत राखून ठेवायची, मग तुम्ही बोला किंवा गप्प बसा. दुसरी नेटसाठी: माहितीची छोटी छोटी पॅकेटं करून, जशी जागा मिळेल तशी पाठवायची. एलटीई आखणाऱ्यांनी पहिली वाट ठेवलीच नाही. सगळा कारभार पॅकेटांचा. म्हणजे नुसतं एलटीई असलेल्या फोनला एलटीईवरून साधा कॉल लावताच येत नाही.

मग सुरुवातीच्या ४जी फोनवर लोक बोलत कसे होते? फोन गुपचूप मागे सरकायचा. कॉल आला की नेटवर्क हँडसेटला सांगायचं, ४जी सोड आणि ३जी किंवा २जीवर ये. बोलणं तिथे व्हायचं, संपलं की फोन पुन्हा ४जीवर. या उलट्या उडीला तंत्रज्ञ सीएसएफबी म्हणतात. नंबर लावल्यावर काही सेकंद नुसती शांतता आणि मग रिंग, हा अनुभव त्याचाच. बोलता बोलता नकाशा उघडावा तर वरच्या पट्टीत ‘ई’ (२जीच्या संथ नेटचं चिन्ह) उगवलेला आणि नकाशा कोरा, तोही त्याचाच.

व्होल्टे म्हणजे बोलण्याचीसुद्धा पॅकेटं करून ती एलटीईवरूनच नेणं. भारतात त्याचा बोलबाला झाला तो ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाल्यावर. त्यांच्याकडे २जी-३जी नव्हतंच, त्यामुळे मागे सरकायला जागाच नव्हती. व्होल्टे नसलेल्या ४जी फोनमध्ये ते सिम घातलं की नेट धडाधड चालायचं, पण डायलरवरून कॉल लागायचा नाही. त्यासाठी कंपनीचं वेगळं ॲप टाकावं लागे. एअरटेलने व्होल्टे आणलं ते सप्टेंबर २०१७ मध्ये, मुंबईपासून.

आता तो घोळ, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. लोकांचा हिशेब असा असतो: व्होल्टे पॅकेटांवर चालतं, पॅकेट म्हणजे डेटा, डेटा म्हणजे माझा रोजचा दीड जीबी. पहिल्या दोन पायऱ्या ठीक आहेत. तिसऱ्या पायरीवर पाय घसरतो.

तुमचा फोन एलटीईवर नेटवर्कशी एकाच वेळी एकाहून जास्त जोडण्या ठेवू शकतो. एक जोडणी इंटरनेटची. ‘मोबाइल डेटा’चं बटण हिलाच चालू-बंद करतं आणि दीड जीबीचं मीटरही हिच्यावरच फिरतं. दुसरी जोडणी आयएमएस नावाच्या व्यवस्थेकडे जाते. ही कंपनीची स्वतःची कॉल जोडणारी यंत्रणा. ती फोन नेटवर्कवर आला की आपोआप उभी राहते आणि डेटाचं बटण बंद केलं तरी उभीच असते. अनेक अँड्रॉइड फोनांत सिमच्या सेटिंगमध्ये एपीएनची, म्हणजे या जोडण्यांच्या नावांची, यादी उघडलीत तर इंटरनेटच्या ओळीखाली ‘आयएमएस’ची वेगळी ओळ दिसते. तिला हात लावू नका, एवढंच.

खात्री करायची असेल तर जिओच्या सिमवर वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही बंद करा आणि कुणालाही फोन लावा. लागतो. २जी नाही, ३जी नाही, इंटरनेट बंद, तरी बोलणं चालू. याहून स्वच्छ पुरावा मी देऊ शकत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले रिचार्ज देणं बंधनकारक केलं, त्यावरूनही हेच कळतं. जिओच्या सिमवर असा रिचार्ज मारणाऱ्या आजोबांचा प्रत्येक कॉल ४जीच्याच जाळ्यातून जातो आणि त्यांच्याकडे वापरण्याजोगा एक एमबीही नसतो.

“मग व्हॉट्सॲप कॉल आणि व्होल्टे यांत फरक काय, दोन्ही पॅकेटंच की!” हा प्रश्न मला आवडतो, कारण विचारणारा अर्ध्या वाटेवर पोचलेला असतो. गाडी एकच असते. एकाकडे आरक्षण असतं, दुसरा जनरलच्या डब्यात. व्होल्टे कॉल सुरू झाला की नेटवर्क आवाजासाठी एक खास मार्ग उघडतं, ठरावीक वेगाची हमी देऊन. या मार्गावरचं पॅकेट फोनपासून कंपनीच्या दारापर्यंत १०० मिलिसेकंदांत पोचावं, असं मानकात उद्दिष्ट आहे. साध्या इंटरनेटच्या पॅकेटासाठी ते ३०० मिलिसेकंद आहे आणि हमी कसलीच नाही. व्हॉट्सॲपचा आवाज त्या दुसऱ्या रांगेत, शेजाऱ्याच्या रील्सच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. म्हणून लग्नाच्या हॉलमध्ये किंवा गर्दीच्या लोकलमध्ये साधा कॉल तग धरतो आणि व्हॉट्सॲपवरचा माणूस यंत्रमानवासारखा बोलायला लागतो. रेंजच नसेल तर मात्र आरक्षणाचाही उपयोग नाही.

‘नेट पळेल’ या समजाचं मूळही इथेच सापडतं. व्होल्टेमुळे नेटचा वेग वाढत नाही. कॉल चालू असताना फोन ४जी सोडत नाही, एवढंच होतं. दोन सिम असतील तर तेही पुरतं खरं नाही: बोलणं एका सिमवर आणि नेट दुसऱ्यावर असेल तर बऱ्याच फोनांत बोलणं संपेपर्यंत नेट थांबतं. त्यात कंपनीचा दोष नसतो.

आता त्या तिसऱ्या, महागड्या वाक्याकडे. एलटीई चालण्यासाठी फोनच्या रेडिओला त्या कंपनीचा बँड (लहरींचा पट्टा) पकडता आला की बहुतेक काम होतं. व्होल्टेसाठी तेवढं पुरत नाही. प्रत्येक कंपनीची आयएमएस यंत्रणा जरा वेगळ्या पद्धतीने लावलेली असते आणि हँडसेट बनवणाऱ्याला त्या त्या कंपनीसाठीच्या सेटिंगा फोनमध्ये घालाव्या लागतात, तपासाव्या लागतात. नसतील घातल्या, तर फोन कितीही महाग असो, कॉलसाठी मागेच सरकणार. म्हणून परदेशातून कुणीतरी आणलेला झकास फोन इथल्या एका सिमवर नीट चालतो आणि दुसऱ्यावर नुसतं नेट देतो.

मागे सरकायला जागा आहे तोवर हे झाकून राहतं. ऑस्ट्रेलियात २८ ऑक्टोबर २०२४ पासून टेल्स्ट्रा आणि ऑप्टस यांनी ३जी बंद केलं, तेव्हा ते उघडं पडलं. २जी तिथे आधीच गेलं होतं. काही ४जी फोन रोजचे कॉल व्होल्टेवर करत होते, पण आणीबाणीचा ००० हा नंबर फिरवला की ३जी शोधायला जात. असे फोन नेटवर्कवरून बंदच करावेत, असा नियम तिथल्या सरकारने केला. चालते-बोलते फोन निकामी. अमेरिकेत एटीअँडटीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद करताना कोणते फोन चालतील याची यादीच लावली होती. मुलांकडे जाणाऱ्या आईबाबांनी तिकडचं सिम घेण्याआधी आपला फोन तिथल्या कंपनीला चालतो का, हे मुलांना तपासायला सांगावं. ‘४जी आहे, ५जी आहे’ हे उत्तर नव्हे.

बाकीचे फरक किरकोळ. व्होल्टेवर आवाज जास्त स्वच्छ येतो, पण पलीकडच्याकडेही व्होल्टे असेल आणि मधल्या कंपन्यांनी तो तसाच पुढे नेला तरच. वायफाय कॉलिंग हे त्याच आयएमएसकडे घरच्या वायफायवरून जाणं. घरात रेंज नसेल तर बेलाशक लावा. आणि ५जी फोनवर कॉल येताच वर ४जी दिसायला लागलं तर तक्रार करू नका. आपल्याकडच्या बऱ्याच ५जीत बोलणं अजून व्होल्टेवरच होतं.

घरातल्या मोठ्यांसाठी बटणांचा फोन घेताना खोक्यावरचं ‘४जी’ वाचून पैसे देऊ नका. आपलं सिम दुकानातच आत घालायला लावा, एक कॉल करा आणि बोलत असताना वरच्या पट्टीकडे पाहा. ४जी किंवा व्होल्टेचं चिन्ह टिकलं तर घ्या. २जी किंवा ‘ई’ आलं, तर दुकानदार काहीही म्हणो, दुसरा दाखवायला सांगा.