मुलाने सांगितलेली ओळख आणि मुलावर घडलेला गुन्हा: शाळा उलट क्रमाने हाताळतात त्या दोन गोष्टी

समुपदेशक या नात्याने ठाणे आणि नवी मुंबईतील शाळांमध्ये शिक्षकांची प्रशिक्षणे घेताना एक प्रश्न मला इतक्या वेळा ऐकावा लागला आहे की, तो कोणत्या मिनिटाला येणार हेही आता मी सांगू शकते. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचा भाग संपला की मागच्या बाकावरून एखाद्या बाई हात वर करतात आणि दबक्या आवाजात विचारतात, "नववीतला एक मुलगा मला म्हणाला की त्याला मुलगेच आवडतात. हे पोलिसांना कळवावे लागेल का? निदान पालकांना तरी?" घोडबंदर रस्त्यावरील एका शाळेत हाच प्रश्न आला, आणि चहाच्या वेळी त्याच शाळेतील एका सरांनी हसत हसत सांगितले की, "बायल्या" म्हणून चिडवल्या जाणाऱ्या सातवीतल्या एका मुलाची चड्डी मोठ्या मुलांनी शौचालयात ओढून काढली, त्याला नको तिथे हात लावला, आणि मग सरांनी सगळ्यांना कान पकडून उठाबशा काढायला लावून "मस्ती" मिटवली. जे पोटात ठेवायचे ते कळवण्याची घाई आणि जे कळवायलाच हवे ते चहाबरोबर गिळून टाकण्याची सवय, अशी ही अदलाबदल आहे, आणि ती काही त्या एका शाळेपुरती नाही.

पोक्सो कायदा बहुतेक शिक्षकांना आता पाठ आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात बदलापूरला शिशुवर्गातील दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, लोक रेल्वेरुळांवर उतरले, आणि शाळेने वेळेवर न कळवल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने जे सुनावले ते प्रत्येक मुख्याध्यापकाच्या कानावर गेले. त्यानंतर तक्रारपेट्या लागल्या, कॅमेरे लागले, मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांत नेमलेल्या सखी सावित्री समित्यांच्या बैठकांची इतिवृत्ते भरू लागली. त्यामुळे २०१२ चा हा कायदा मी पुन्हा सांगत बसत नाही. दोनच गोष्टी सांगते, कारण त्या तरीही निसटतात. एक, कलम १९ प्रमाणे कळवायचे ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना; मुख्याध्यापकांच्या कानावर घातले म्हणजे आपली जबाबदारी संपली, हा समज चुकीचा आहे. दोन, या कायद्यातील "बालक" म्हणजे अठरा वर्षांखालील कोणीही, मुलगा असो, मुलगी असो की पारलिंगी (ट्रान्सजेंडर) मूल. तेव्हा शौचालयातील त्या मुलाचे प्रकरण, "मुलाचे काय झाले त्यात" असे म्हणून, उठाबशांवर मिटण्यासारखे नव्हतेच.

गल्लतीचे मूळ काही अंशी आपल्या शब्दांत आहे. लैंगिक अत्याचार, लैंगिक शिक्षण आणि लैंगिक कल या तिन्ही गोष्टी मराठीत एकाच विशेषणावर चालतात, आणि "लिंग" हा शब्द तर व्याकरणाच्या तासापासून जीवशास्त्राच्या तासापर्यंत सगळीकडे राबतो. परिणामी मुलाच्या वाक्यात तो शब्द आला की शिक्षकाच्या डोक्यात थेट पोलीस ठाणे उभे राहते. लैंगिक कल म्हणजे कोणाविषयी ओढ वाटते ते, आणि लिंगभाव म्हणजे आपण स्वतःला मुलगा, मुलगी की आणखी काही मानतो ते. हा फरक महत्त्वाचा असला तरी एका वाक्यात समजतो आणि त्यावर अर्धा दिवस तक्ते लावून घालवणाऱ्या प्रशिक्षणांचा मला कंटाळा आहे. शिक्षक अडखळतात ते तिथे नाही.

ते अडखळतात ते इथे: "मी असा आहे" हे मुलाचे स्वतःविषयीचे सांगणे आहे, आणि "माझ्यासोबत हे केले गेले" हे कोणाच्या तरी कृतीविषयीचे सांगणे आहे. कळवण्याचे बंधन कृतीला लागू होते. कलम १९ गुन्हा घडल्याच्या माहितीबद्दल किंवा तो घडेल या भीतीबद्दल बोलते, आणि कोणाविषयी ओढ वाटणे किंवा स्वतःला मुलगी मानणे हा गुन्हा नाही. मोठ्या माणसांनी संमतीने ठेवलेले समलिंगी संबंधही सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. मग चौदा वर्षांच्या मुलाच्या मनातल्या भावनेचा पंचनामा कशासाठी? त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काचा निकाल देताना याच न्यायालयाने लैंगिक कल हा खासगीपणाचा अविभाज्य भाग असल्याचे म्हटले होते. म्हणून पहिल्या बाईंना माझे उत्तर असते की पोलिसांना नाही, मुख्याध्यापकांना नाही, आणि त्या मुलाने स्वतः सांगेपर्यंत पालकांनाही नाही.

"पालकांना नाही" म्हटले की सभागृहात कुजबुज सुरू होते, आणि ती मला कळते. ज्या शाळेत मूल शिंकले तरी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप जातो, तिथे इतकी मोठी गोष्ट दडवणे म्हणजे फसवणूक वाटते. पण दडवणे आणि न सांगणे यांत फरक आहे. पालकाने थेट विचारले तर खोटे बोलू नये. "तो काय बोलला ते त्याच्याकडूनच कळलेले बरे, हवे असेल तर तुमचे बोलणे घडवून आणायला मी बसते," एवढे म्हणता येते. मुलाने अनेक आठवडे चाचपून एक माणूस निवडलेला असतो. त्याच्या घरी कोण आहे, वडिलांचा हात किती लवकर उठतो, आजीला काय कळलेले चालेल, याचा हिशेब त्याने आपल्यापेक्षा कितीतरी बारकाईने केलेला असतो. कोपरखैरणेतील एका शाळेत वर्गशिक्षिकेने "आईला विश्वासात घेते" म्हणून फोन केला, आणि त्या मुलीची शाळा पुढच्या सत्रात सुटली. "विश्वासात घेणे" या शब्दप्रयोगाची मला तेव्हापासून चीड आहे. ज्याचा विश्वास असतो त्याला विचारल्याशिवाय तो दुसऱ्याला वाटता येत नाही. शिक्षकखोलीत "कोणाला सांगू नका हं" असे म्हणून पाच जणांना सांगणे हेही त्यातच आले.

याला अपवाद आहे, आणि तोही नीट समजून घ्यायला हवा. मूल जिवाचे बरेवाईट करून घेण्याबद्दल बोलत असेल, तर गप्प बसता येत नाही. पालकांना बोलवावे लागते, डॉक्टर गाठावा लागतो. पण तिथेही सांगायची असते ती जोखीम. तिचे कारण सांगायचे नसते. "तो फार खचला आहे, त्याला एकटे ठेवू नका, आज रात्रीच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा" हे पूर्ण वाक्य आहे, त्यात आणखी काही घालायची गरज नाही. घरातच मारहाण होण्याची भीती असेल तर १०९८ ही बालमदतवाहिनी आणि बालकल्याण समिती हे मार्ग आहेत.

प्रत्यक्षात मुले आपल्यासाठी दोन कप्पे करून बोलत नाहीत, आणि खरी परीक्षा तिथेच असते. "मला मुलगे आवडतात हे क्लासच्या दादाला कळले, आणि आता तो मला जवळ घेतो, नाही म्हटले तर घरी सांगीन म्हणतो." या एका वाक्यात जपायची आणि कळवायची अशा दोन्ही गोष्टी आहेत. इथे कळवणे टाळता येत नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद पोक्सोच्या कलम २१ मध्ये आहे. मात्र लेखी माहितीत कोणी, कुठे, कधी, काय केले आणि कोणती धमकी दिली हे लिहायचे असते. "सदर विद्यार्थी समलिंगी असून" अशी सुरुवात करायची नसते. मी अशी सुरुवात असलेला एक मसुदा पाहिला आहे, आणि तो वाचून गुन्हा कोणाचा आहे हेच कळत नव्हते. आपण काय कळवणार आहोत, आणि चौकशीत धमकीचा विषय निघाल्यास काय पुढे येऊ शकते, हे मुलाला आधी सांगावे, कारण जे आपण पूर्ण झाकू शकत नाही ते झाकण्याचे वचन देणे हा पुन्हा विश्वासघातच आहे.

सोळा-सतरा वर्षांच्या दोघांनी आपसात संबंध ठेवल्याचे कानावर आले तर? अठरा वर्षांखालील संमती हा कायदा मानत नाही, मग ती जोडी मुलगा-मुलगी असो की दोन मुली. निकष एकच आहे, आणि तो दोन्ही प्रकारच्या जोड्यांना सारखा लावायचा. मुलगा-मुलगीच्या जोडीकडे "वय आहे" म्हणून कानाडोळा करणारी शाळा दोन मुलग्यांच्या बाबतीत कायद्याची आठवण काढते, तेव्हा तिला आठवण कायद्याची झालेली नसते.

मुलाचा कल बदलून त्याला "ठीक करणाऱ्या" डॉक्टरांचे पत्ते शिक्षकांनी पालकांना देणे ताबडतोब थांबले पाहिजे. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा उपचारांना मनाई करण्याचे निर्देश दिले, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्य वैद्यकीय परिषदांना पत्र पाठवून ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. समुपदेशकाकडे पाठवावे तर चिडवणाऱ्या मुलांना पाठवावे. दर वेळी चिडवला जाणारा मुलगाच माझ्या दाराशी उभा असतो. ज्या पालकांना मुलाने स्वतःहून सांगितले आहे आणि ज्यांना काही सुचत नाही, त्यांच्यासाठी मुंबईत "स्वीकार" हा एलजीबीटी (समलिंगी, पारलिंगी इत्यादी) मुलांच्या पालकांचा गट आहे, आणि दुसऱ्या आईकडून ऐकलेले चार शब्द माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा लवकर पोचतात.

गणवेश, शौचालय, हजेरीपटावरील नाव यांवर वाद फार होतात, पण ते सोडवणे तुलनेने सोपे आहे. पारलिंगी व्यक्तींविषयीच्या २०१९ च्या कायद्याचे कलम १३ शासनमान्य शाळांना भेदभावाविना समावेशक शिक्षण, खेळ आणि करमणुकीची संधी देण्यास सांगते. पारलिंगी मुलांविषयी शिक्षकांसाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये तयार केलेले साहित्य तक्रारीनंतर संकेतस्थळावरून काढले गेले, ही खेदाची गोष्ट आहे. पण कुलूप असलेले एक शौचालय वापरू देण्यासाठी पुस्तिकेची वाट पाहावी लागत नाही.

मी स्वतः दोन वह्या ठेवते. एकीत दिनांक, वेळ, ठिकाण, कृती आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे असतात. ती मागितली गेली तर पोलिसांना दाखवता येते. दुसरीत फक्त पुढच्या भेटीची वेळ असते. एखाद्या मुलाने मला स्वतःविषयी काही सांगितले, तर ते या दोन्ही वह्यांत लिहिलेले सापडणार नाही.